राजासाठी उत्तम मद्य

गेल्या वर्षी सहामाही परीक्षेच्या आधी इतिहासाचे शिक्षक रजेवर होते, म्हणून नववीच्या वर्गावर मी गेलो. मुख्याध्यापकाला फळ्यासमोर उभे राहण्याची संधी आता क्वचितच मिळते. विषय प्राचीन व्यापाराचा होता. आपल्या सुरतेपासून साठ-सत्तर किलोमीटरवरचे भडोच हे दोन हजार वर्षांपूर्वी किती मोठे बंदर होते, हे सांगावे म्हणून 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तकातली आयात मालाची यादी मी फळ्यावर लिहिली. मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच, सोन्या-चांदीची नाणी. त्याखाली दुसरी यादी लिहिली, ती खास राजासाठी येणाऱ्या वस्तूंची : चांदीची भांडी, तलम वस्त्रे, सुगंधी लेप आणि उत्तम मद्य. (गाणारी मुले आणि अंतःपुरासाठी सुंदर मुली हे दोन जिन्नस मी वर्गात गाळले. इतिहासकार म्हणून ते चूक असेल. मुख्याध्यापक म्हणून दुसरा मार्ग नव्हता.)

मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे वडील लूमवर काम करतात, घर मूळचे अमळनेरकडचे. म्हणाला, "सर, पहिल्या यादीत मद्य आहे, दुसरीत उत्तम मद्य आहे. फरक काय?" मी काही बोलण्याआधीच शेजारचा म्हणाला, "साधं म्हणजे पोटली!" वर्ग हसला. मीही हसू दाबले. तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटलो.

सुटलो असे म्हणतो खरा, पण प्रश्न सुटला नाही. गोडादऱ्यातल्या वस्तीत दारू हा शब्द मोठ्याने उच्चारायचा नसतो. गुजरात हे दारूबंदीचे राज्य. येथे ती मिळत नाही असे कागद सांगतो, आणि ती काय करते हे घराघरांतल्या बायका सांगतात. २००९ साली अहमदाबादेत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. जुलै २०२२ मध्ये बोटाद भागात तेच पुन्हा घडले. मुलांच्या कानी दारू येते ती अशी. तेव्हा चांगले मद्य आणि सामान्य मद्य यांत चवीचा काय फरक, हा प्रश्न त्यांना हास्यास्पद वाटला तर नवल नाही. पण प्रश्न विचारणाऱ्याने तो यादी नीट वाचून विचारला होता. अशा प्रश्नाला उत्तर देणे हे आमचे काम आहे.

प्रथम भडोच. पेरिप्लसचा अज्ञात लेखक बहुधा इजिप्तमध्ये राहणारा ग्रीक व्यापारी होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्याने हे पुस्तक लिहिले. नर्मदेच्या मुखाशी भरती किती वेगाने चढते, परक्या जहाजांना वाट दाखवायला राजाच्या नोकरीतले स्थानिक कोळी होड्या घेऊन कसे पुढे येतात, हे त्याने अनुभवाच्या माणसासारखे लिहिले आहे. भडोचला येणारे मद्य मुख्यतः इटलीचे, शिवाय सीरियातल्या लाओडिकिया गावचे आणि अरबस्तानातले, असे तो सांगतो. जहाजे इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघत आणि पावसाळी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडत.

आता हा राजा कोण? पुस्तकात त्याचे नाव ग्रीक वळणाने आणि लेखनिकांच्या चुकांसह आले आहे. तो क्षहरात वंशातला नहपान, असे बहुतेक इतिहासकार मानतात. महाराष्ट्रातल्या वाचकाला नहपान परका नाही. त्याचा जावई उषवदात याचे लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात आजही दिसतात. त्या लेखात उषवदाताने केलेल्या दानांची यादी आहे. भरुकच्छ म्हणजे भडोच, शूर्पारक म्हणजे सोपारा, आणि नाशिकजवळचे गोवर्धन ही नावे तिथे एका ओळीत येतात. नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या, त्यांत दमण आणि डहाणू यांच्या जोडीला तापीही आहे. ज्या तापीवरून आपण रोज रिक्षाने जातो, तिच्यावर नाशिकच्या लेण्यात नाव कोरलेल्या माणसाने पैसे न घेता माणसे पार उतरवली होती. आणखी एक गोष्ट आमच्या लूमवाल्या पालकांना मी आवर्जून सांगतो. त्याच लेण्यात उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापणे ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि उरलेल्या हजारावर पाऊण टक्का व्याज. विणकरांची पत त्या काळी राजघराण्याला पुरेशी वाटत होती.

म्हणजे भडोचला उतरणारे 'उत्तम मद्य' ज्या राजासाठी होते, त्याच्या राज्यात नाशिक होते. त्याचा पाडाव पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने केला. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा जो तेरा हजारांवरचा साठा सापडला, त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे.

पण ते मद्य चवीला कसे होते? येथे इतिहासाला रसायनशास्त्राचा हात धरावा लागतो. रोमन लोकांत सर्वांत नावाजलेले मद्य फालेर्नियन, कँपानियाच्या डोंगरउतारावरचे. भडोचला तेच येई असा दावा मी करणार नाही. पेरिप्लस फक्त इटलीचे म्हणतो. पण उत्तम मद्याची रोमन कल्पना काय होती हे त्यावरून कळते. बहुतेक अभ्यासक ते पांढऱ्या द्राक्षांचे मानतात. प्लिनीने त्याचे तुरट, गोड आणि हलके असे तीन प्रकार दिले आहेत. दहा, पंधरा, वीस वर्षे मुरवल्यावर त्याला खरी किंमत येई. तोवर त्याचा रंग पिवळ्याकडून मधाकडे आणि मधाकडून गडद काकवीकडे जाई. मातीच्या उंच, निमुळत्या कुंभांना आतून डांबरासारख्या राळेचा लेप असे, त्याचा वास मद्यात उतरे. काही मद्यांत समुद्राचे पाणीही घालत. पिताना मात्र पाणी मिसळूनच प्यायचे. निर्भेळ पिणारा तो रानटी, अशी समजूत होती. असा कुंभ उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातून आणि मग अरबी समुद्रातून आठवडेच्या आठवडे जहाजाच्या पोटात तापत येई. पातळ, नाजूक मद्य असते तर त्याचा वाटेत शिरका झाला असता. भडोचपर्यंत टिकत असे ते साखरेचे, कडक आणि मुरलेले. सुकामेवा, अक्रोड, राळ आणि थोडा जळकट गोडवा, अशी काहीशी ती चव असावी. हा माझा तर्क आहे, पण तो हवेतला नाही.

गावाच्या नावावरून मद्याची प्रत ठरवण्याची रीत केवळ रोमन नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे सहा प्रकार दिले आहेत. त्यांतला मधु म्हणजे द्राक्षरसाचे मद्य, आणि त्याची ओळख उत्पत्तिस्थानावरून सांगितली आहे : कापिशायन आणि हारहूरक. कापिशी ही काबूलच्या उत्तरेची नगरी. तिच्यापासून 'कापिशायन' हे रूप साधण्यासाठी पाणिनीने चक्क एक सूत्र खर्ची घातले. एम. ए. ला असताना ते सूत्र मी पाठ केले होते. त्यामागे द्राक्षांचा मळा आहे हे फार उशिरा कळले. 'प्रसन्ना' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. तिचा अर्थ निवळलेली, तळ दिसेल अशी. पेय आधी डोळ्यांनी पारखायचे, ही जाण त्या नावातच आहे.

सुरतेचे म्हणाल तर आपल्या मराठी मनात सुरत म्हणजे १६६४ आणि १६७०, दोन स्वाऱ्या. पण त्याआधी अर्धशतक इंग्रज वखारवाले येथे राहत होते आणि त्यांच्या टेबलावर काय होते याच्या नोंदी आहेत. त्यांतली एक फार चटका लावणारी आहे. टॉम कोरियट नावाचा एक विक्षिप्त इंग्रज जेरुसलेमहून अजमेरपर्यंत पायी आला होता. १६१७ च्या अखेरीस तो सुरतेस पोचला तेव्हा त्याला अतिसार जडलेला होता. वखारीतल्या मंडळींनी प्रेमाने त्याच्यापुढे मायदेशाहून आलेली 'सॅक' ठेवली. सॅक म्हणजे स्पेनकडची कडक पांढरी वाईन. ते नाव कानी पडताच कोरियटने, खरेच सॅक आहे का, मला द्या, असा धोशा लावला. तो प्यायला बेतानेच, पण दुखणे वाढले आणि त्या डिसेंबरातच सुरतेत त्याचा अंत झाला. त्याचा मित्र पाद्री टेरी याने हे लिहून ठेवले आहे. हजारो कोस चालून आलेल्या माणसाला शेवटी ओढ लागली ती ओळखीच्या चवीची. आमच्याकडे गावाहून येणारा पाहुणा कळण्याचे पीठ घेऊन आला की चेहऱ्यावर जे दिसते, तेच हे.

त्यानंतर वीस वर्षांनी आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो सुरतेच्या इंग्रज वखारीतल्या शुक्रवारच्या बैठकींचे वर्णन करतो. तिथे स्पॅनिश वाईन होती आणि अर्क, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर यांचे एक मिश्रण होते. पुढे ओव्हिंग्टन नावाचा पाद्री शिराझच्या वाईनीचा उल्लेख करतो. ती इराणातून समुद्रमार्गे येई. म्हणजे सुमारे सोळाशे वर्षांनंतरही दिशा तीच : चांगले मद्य पश्चिमेकडून येणार, जहाजातून येणार, आणि उन्हात टिकेल असेच येणार.

ही दिशा उलटली ती अगदी आपल्या डोळ्यांदेखत. १९८० च्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळ पांढरी वाईन काढली. मग कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांनी नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूस वाईनीच्या जातीच्या वेली लावल्या. 'सुला'ची पहिली वाईन २००० साली आली. त्यात सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या दोन पांढऱ्या होत्या. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, विंचूर आणि पलूस येथे वाईन पार्क झाले, आणि 'नाशिक व्हॅली वाईन' या नावाला पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. कापिशायनाच्या वंशात नाशिकचे नाव दाखल झाले असे म्हणायला हरकत नाही.

माझी एक भाची तिकडे दिंडोरी भागात एका वायनरीच्या प्रयोगशाळेत आहे. दोन वर्षांपूर्वी लग्नाच्या निमित्ताने गेलो होतो, तेव्हा तिने आग्रह केला. मी संकोचलो. ती म्हणाली, "मामा, घोट तोंडात फिरवायचा आणि थुंकून टाकायचा. आम्ही दिवसभर तेच करतो. पिणं हे आमचं काम नाही, ओळखणं हे काम आहे." माझ्यातल्या मास्तराला हे पटले.

तिने आधी कारखाना दाखवला. पांढऱ्या वाईनीचे मर्म असे की साल आणि रस यांची फारकत ताबडतोब करायची. रंग आणि तुरटपणा सालीत असतो. लाल वाईन सालीसकट आंबवतात, पांढरी नुसत्या रसाची. द्राक्षे पहाटे गारव्यात तोडतात, लगेच थंड करून दाबतात आणि स्टीलच्या टाक्यांत पंधरा अंशांच्या आसपास हळूहळू आंबवतात. उष्णता वाढली की वास उडून जातो. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंच. एप्रिलात एक छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी, आणि पीक जानेवारी ते मार्चमध्ये. युरोपात द्राक्ष उन्हाळ्यात पिकते, आपल्याकडे हिवाळ्याच्या थंड रात्रीत. त्या रात्रींमुळेच फळातली आंबट चव टिकते. दिवस फार तापले तर फळातले मॅलिक आम्ल, म्हणजे कैरी आणि हिरव्या सफरचंदात असते तेच, फळ स्वतःच जाळून टाकते आणि वाईन सपक होते.

मग तिने दोन पेले पुढे ठेवले. रंग फिकट, लिंबाच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा. पहिला सोव्हिन्यों. तिने शिकवलेले इंग्रजी शब्द माझ्या डोक्यात शिरेनात. मी म्हटले, "थांब, मला माझ्या शब्दांत सांगू दे." डोळे मिटून वास घेतला आणि शाळेमागचे पेरूचे झाड आठवले, कच्चा पेरू दाताने फोडल्यावर येतो तो वास. मग चिरलेली ढोबळी मिरची. मग कापलेले गवत. भाची वहीत लिहू लागली. घोट घेतला तर कानशिलांखाली झिणझिण्या आल्या आणि तोंडाला पाणी सुटले. "हे पाणी सुटणं म्हणजेच आंबटपणा, मामा. किती सुटलं यावरून आम्ही तो जोखतो." दात आंबले नाहीत, हेही मी सांगितले, दात आंबले असते तर तोल गेला असता. दुसरा पेला शेनिनचा. त्यात पिकलेला अननस, थोडे केळे, मागाहून मध. आंबटपणा गोडव्याच्या आड बसलेला. जिभेला किंचित जड, पातळ पाकासारखा. आणि थुंकल्यावर चव किती वेळ मागे राहते ते मोजायचे. पहिला पेला आठ-दहा आकड्यांपर्यंत रेंगाळला. दुसरा आधीच विझला, म्हणून मी पहिल्याला जास्त गुण दिले. गुण देण्याची सवय जात नाही.

दोषांनाही आपल्याकडे नेमके शब्द आहेत, हे तिथेच कळले. बूच खराब असेल तर ओल्या गोणपाटाचा बुरसट वास. हवा लागलेली असेल तर चिरून ठेवलेल्या सफरचंदासारखा. फार बिघडली तर शिरका. तुरट आणि आंबट हे दोन वेगळे आहेत हे इंग्रजीत शिकणाऱ्यांना समजावून सांगावे लागते म्हणे. जांभूळ आणि चिंच खाऊन वाढलेल्या मुलाला ते कोण शिकवणार? गुजरातीतही 'तूरुं' वेगळे आणि 'खाटुं' वेगळे. आमची मुले दोन्ही भाषांत ही जोडी जाणतात.

मागच्या बाकावरच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या खोलीत अर्धे मिळाले, आणि ते थोडे उलटे निघाले. भाचीने सांगितले की सोव्हिन्यों वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाकायची. ठेवली की तो पेरू आणि ते गवत निघून जाते, रंग गडद होतो, आणि गिऱ्हाईक बाटली परत करते. म्हणजे नहपानाच्या दरबारात जी लक्षणे उत्तमपणाची होती, वय, गडद रंग, मुरलेपणा, तीच आज या वाईनीचे दोष ठरतात. आजचे उत्तम म्हणजे तरुण, फिकट आणि थंड. फ्रान्समधल्या लुआर नदीकाठची गोड शेनिन मात्र अजूनही कित्येक दशके टिकते, तेव्हा जुना दंडक अगदीच मोडलेला नाही. रोमन व्यापाऱ्याला थंड टाकी मिळाली असती तर त्याने राजाकडे काय पाठवले असते? बर्फ आणि वीज यांनी उत्तम या शब्दाचा अर्थच बदलला. दोन हजार वर्षांत बदलले नाही ते एकच : ते कुठल्या मातीचे आणि कोणाच्या हातचे, हे सांगता आले पाहिजे. पोटलीवर हेच लिहिलेले नसते. माणसे मरतात तेव्हा ती कोणी भरली याचा पोलिसांना शोध घ्यावा लागतो.

हे लिहिताना मी दारूचा वकील झालो असे कोणी समजू नये. १९४९ चा मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा दोन्ही राज्यांचा समाईक वारसा आहे. १ मे १९६० ला घर वाटले गेले, गुजरातने तो घट्ट धरला, महाराष्ट्राने परवान्यांची वाट काढली. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाईन विकू देण्याचे ठरवले तेव्हा तिकडेही केवढे वादंग उठले. शेतकऱ्याचे हित आणि घरातल्या बाईचे हित या दोहोंना एकाच वाक्यात बसवणे सोपे नाही, आणि मला ते जमत नाही. आमच्या शाळेतल्या मुलांच्या आयांना विचारले तर त्या कायदा आणखी कडक करा म्हणतील, आणि त्यांच्याशी वाद घालण्याची माझी छाती नाही. आणि मौजेची गोष्ट अशी की धायटीच्या फुलांनी आंबवलेले द्राक्षासव औषधांच्या दुकानात उघड्यावर मिळते. त्यात मद्यार्क आपोआप तयार झालेला असतो. कौटिल्याच्या यादीतले आसव तेवढे आज कपाटात शिल्लक राहिले आहे.

नाशिकहून आम्ही वणी-सापुताऱ्याच्या वाटेने परतलो. निघताना भाचीने बाटली पिशवीत घालू पाहिली. मी हात जोडले. म्हटले, "बाई, मी मुख्याध्यापक आहे." तिने ती काढून घेतली आणि खाण्याच्या द्राक्षांची पेटी दिली, वाईनीच्या जातीचा एक घोसही वर ठेवला, बारीक मणी, जाड साल, दोन-दोन बिया. सापुताऱ्याच्या नाक्यावर शिपायाने डिकी उघडली. "शुं छे, काका?" मी म्हटले, "द्राक्ष." हा शब्द दोन्ही भाषांत एकच असल्याने पुढे काही बोलावे लागले नाही. त्याने पेटीतून चार मणी उचलून तोंडात टाकले, त्यातला एक नेमका त्या बारीक घोसातला होता. चावल्यावर बिया लागल्या, त्याने तोंड वाकडे केले, आणि गाडी पुढे घ्यायची खूण केली.

तो घोस दुसऱ्या दिवशी मी शाळेत नेला होता आणि शिक्षकांनी खाऊन टाकला. प्रश्न विचारणारा मुलगा तेव्हा सातवीत असेल. आता दहावीत गेला आहे. पुढच्या मोसमात दोन्ही जातींचे घोस त्याच्या बाकावर ठेवायचे मी ठरवले आहे.